प्रक्रिया केलेले सांडपाणी फळबागेला कसे द्यावे: जमीन, भूजल आणि झाडे सांभाळणारा कामांचा क्रम

प्रक्रिया केलेले सांडपाणी फळबागेला वापरताना बहुतेक ठिकाणी कामांचा क्रम उलटा होतो. आधी ठिबकची जोडणी होते, मग पाणी सुरू होते आणि दोन-तीन हंगामांनी पानांच्या कडा करपू लागल्या की पाण्याचा पहिला नमुना प्रयोगशाळेत जातो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सगळी काळजी रोगजंतूंपुरती मर्यादित ठेवणे. जंतू ऊन आणि कोरडेपणा यांमुळे काही दिवसांत मोठ्या प्रमाणात मरतात. क्षार, सोडियम आणि बोरॉन मात्र झाडाने पाणी शोषून घेतल्यावर मातीतच मागे राहतात, आणि नत्र पिकाच्या गरजेपेक्षा जास्त झाले की नायट्रेटच्या रूपाने भूजलाकडे निघते. पर्यावरणाचे खरे नुकसान या संथ साठवणुकीतून होते, म्हणून पुढील टप्प्यांमध्ये तिच्या हिशोबावर अधिक भर दिला आहे.

हा क्रम किमान दुय्यम प्रक्रिया (जिवाणूंच्या मदतीने सेंद्रिय घाण कुजवून काढणे) आणि निर्जंतुकीकरण झालेल्या घरगुती सांडपाण्यासाठी आहे. कारखान्यांचे पाणी मिसळलेले असल्यास जड धातूंची स्वतंत्र तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुनर्वापराचा परवाना आणि स्थानिक मानके यांची पूर्तता या सगळ्याच्या आधी येते.

टप्पा १: पाण्याचा अहवाल मिळवा आणि तो नीट वाचा

नमुना प्रक्रिया केंद्राच्या दाराशी न घेता बागेत पाणी जिथे शिरते तिथे घ्यावा, कारण साठवण तलावात आणि वाहिनीत पाण्याचे गुणधर्म बदलतात. एका दिवसाच्या नमुन्यावर निर्णय घेऊ नये. पावसाळ्यात सांडपाणी पातळ होते आणि कोरड्या दिवसांत त्यातील क्षार वाढतात, त्यामुळे निदान दोन वेगवेगळ्या ऋतूंतील आकडे हाती हवेत. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्यावी. बोरोसिलिकेट काचेतून पाण्यात बोरॉन उतरू शकतो आणि आकडा उगाच फुगतो. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक असावी, तिच्यात उरलेले क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट असावे, आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावी.

अहवालात पुढील गोष्टी स्पष्टपणे मागाव्यात: विद्युत वाहकता म्हणजे ईसी (पाण्यातील एकूण क्षारांचे माप), सामू, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, बोरॉन, अमोनियम आणि नायट्रेट नत्र वेगवेगळे, एकूण नत्र, स्फुरद, पालाश, तरंगते घन पदार्थ, ई. कोलाय (विष्ठेचे दूषण दाखवणारा जिवाणू) आणि कृमींची अंडी.

आकडे वाचण्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मर्यादा सोयीच्या आहेत. ईसी ०.७ डेसिसिमेन्स प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर क्षारांची अडचण सहसा येत नाही, ०.७ ते ३ या पट्ट्यात काळजी घ्यावी लागते आणि ३ च्या पुढे अडचण गंभीर होते. बोरॉनसाठी हेच टप्पे ०.७ आणि ३ मिलिग्रॅम प्रति लिटर आहेत. क्लोराइड सुमारे १४० मिलिग्रॅमपर्यंत निर्धोक आणि ३५० च्या पुढे धोकादायक समजावे.

सोडियमचा आकडा एकट्याने वाचू नये. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या तुलनेत तो किती आहे, हे सोडियम अधिशोषण गुणोत्तर सांगते. अहवालात ते एसएआर या नावाने येते. समजा पाण्यात सोडियम १५०, कॅल्शियम ५० आणि मॅग्नेशियम २० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. या आकड्यांना अनुक्रमे २३, २० आणि १२.२ ने भागले की ६.५, २.५ आणि १.६ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर मिळतात (वेगवेगळ्या क्षारघटकांची विद्युतभारानुसार तुलना करण्याचे एकक). कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बेरजेचे अर्धे काढून त्याचे वर्गमूळ घ्यावे आणि सोडियमला त्याने भागावे. उत्तर सुमारे ४.५ येते. एसएआर ३ ते ६ असताना पाण्याचा ईसी १.२ पेक्षा जास्त असेल तर मातीची रचना टिकते आणि त्याहून कमी असेल तर पाणी मुरण्याचा वेग घटू लागतो. ईसी कमी असलेले पाणी नेहमीच चांगले, या समजुतीला इथे छेद जातो.

*सावधान:* हातातल्या टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटरचा आकडा म्हणजे पाण्याचा अहवाल नव्हे. सारख्याच टीडीएसच्या दोन पाण्यांपैकी एक जमीन जपते आणि दुसरे तिला चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट आणि पाणी न मुरणारी, करते.

टप्पा २: पहिले पाणी देण्यापूर्वीची जमीन नोंदवून ठेवा

० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर अशा तीन थरांचे नमुने वेगवेगळे घ्यावेत. प्रत्येक थराच्या संपृक्त अर्काचा (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा) ईसी, विनिमयक्षम सोडियमची (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची) टक्केवारी, चिकणमातीचे प्रमाण, बोरॉन, नायट्रेट आणि उपलब्ध स्फुरद मोजून घ्यावे. वाळवलेल्या मातीची एकेक पिशवी तारीख आणि खोली लिहून जपून ठेवावी. पाच वर्षांनी बोरॉन वाढला की तो मुळातच होता, असा वाद निघाला तर ही पिशवीच उत्तर देते.

निचरा तपासण्यासाठी साधारण ६० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरावा, ते मुरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी २४ तासांनंतरही खड्ड्यात दिसत असेल तर आधी निचऱ्याचे चर किंवा सच्छिद्र नळ्या, मग हे पाणी. निचरा नसलेल्या जमिनीतून क्षार बाहेर काढण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. बागेच्या आजूबाजूच्या विहिरींतील नायट्रेट आणि क्लोराइड याच वेळी मोजून घ्यावे.

*तपासणी:* तिन्ही थरांचे आकडे आणि विहिरीचे आकडे वहीत आल्याशिवाय टप्पा ३ सुरू करू नये.

टप्पा ३: झाडाबरोबर खुंटही पाहा

जमिनीच्या संपृक्त अर्काचा ईसी १.५ ते १.७ च्या पुढे गेला की बदाम, पीच, आलुबुखार, जर्दाळू, द्राक्ष आणि संत्रा यांचे उत्पादन घटू लागते. संत्र्यात त्यापुढच्या प्रत्येक एककामागे ही घट सुमारे १६ टक्के असते. अंजीर, ऑलिव्ह आणि डाळिंब मध्यम सहनशील आहेत, तर खजूर ४ पर्यंत तग धरतो. ॲव्होकॅडो फार संवेदनशील आहे आणि भारी जमिनीत त्याला हे पाणी देण्याचा विचार न करणेच शहाणपणाचे.

क्लोराइडच्या बाबतीत निर्णायक भूमिका खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलेले असते त्याची, असते. लिंबूवर्गीय फळांत क्लिओपात्रा मँडरीनचा खुंट क्लोराइड बराच अडवतो, तर त्रिदल संत्र्याचा खुंट तो सहज वर जाऊ देतो. जुन्या बागेत खुंट बदलता येत नाही, त्यामुळे तिथे पाणी मिसळण्याची तयारी ठेवावी.

टप्पा ४: साठवण, गाळण आणि जोडणी

साठवण तलावात पाणी काही आठवडे स्थिरावले की कृमींची अंडी तळाशी बसतात आणि जंतू घटतात. मात्र त्याच काळात शेवाळ वाढते. पंपाची ओढनळी तळापासून वर आणि पृष्ठभागापासून खाली, तरंगत्या टाकीला बांधून ठेवावी, म्हणजे गाळ आणि शेवाळ दोन्ही टळतात.

गाळणीचा क्रम आधी वाळूचा फिल्टर आणि मग १२० मेशचा चकतीचा फिल्टर असा ठेवावा. तरंगते घन पदार्थ ५० मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी असतील तर ड्रिपर तुंबण्याचा धोका कमी असतो, १०० च्या पुढे तो मोठा होतो. उपनळ्यांची टोके उघडून त्या नियमित धुवाव्यात. टोकातून सुरुवातीला काळपट, बुळबुळीत पाणी येते. ते स्वच्छ होईपर्यंत टोक बंद करू नये. बुळबुळीत थरासाठी क्लोरीन देताना उपनळीच्या शेवटच्या टोकाला १ ते २ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन शिल्लक दिसले पाहिजे. पाण्यात अमोनियम जास्त असेल तर बरेचसे क्लोरीन त्याच्याशी संयोग पावते आणि नेहमीची मात्रा निष्प्रभ ठरते. अहवालात अमोनियम वेगळे मागण्याचे हे एक कारण आहे.

*सावधान:* आम्ल आणि क्लोरीन एकाच टाकीत किंवा एकाच वेळी कधीही देऊ नये. विषारी वायू तयार होतो. पिण्याच्या पाण्याच्या नळीशी या जोडणीचा, झडप लावूनसुद्धा, संबंध नसावा. नळ्यांचा रंग वेगळा ठेवावा आणि प्रत्येक तोटीजवळ पाणी पिण्यायोग्य नसल्याचा फलक लावावा.

झाडाच्या माथ्यावरून तुषार सिंचन करू नये. सोडियम किंवा क्लोराइड ३ मिलिइक्विव्हॅलंटच्या पुढे असेल तर पाने ते थेट शोषून करपतात, शिवाय फळांवर जंतू बसतात.

टप्पा ५: पाण्यातून येणाऱ्या खताचा हिशोब

भूजलाचे सर्वाधिक नुकसान या टप्प्यावरील दुर्लक्षातून होते, आणि हिशोब तर अगदी सोपा आहे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, आणि १ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे दर घनमीटरला १ ग्रॅम. हंगामात ६०० मिलिमीटर पाणी दिले तर ते ६,००० घनमीटर होते. त्या पाण्यात २० मिलिग्रॅम नत्र असेल तर हेक्टरी १२० किलो नत्र, ५ मिलिग्रॅम स्फुरद असेल तर ३० किलो स्फुरद आणि २० मिलिग्रॅम पालाश असेल तर १२० किलो पालाश जमिनीत पडले. बऱ्याच फळबागांची वर्षाची नत्राची गरजच या आसपास असते. वर नेहमीची खताची मात्रा दिली, तर तिच्यातील बराचसा भाग झाडासाठी नसून विहिरीसाठी दिल्यासारखा होतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ५० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि उथळ भूजल ती ओलांडायला फार काळ घेत नाही.

नुसती वजाबाकी पुरत नाही, वेळही पाहावी लागते. झाडाला नत्र हवे असते ते प्रामुख्याने नवी पालवी आणि फळधारणेच्या काळात. पाणी मात्र सर्वाधिक लागते ते कडक उन्हाळ्यात आणि फळ पोसताना. त्यामुळे सांडपाण्यातील नत्र हंगामाच्या उत्तरार्धात, नको असताना, सर्वाधिक प्रमाणात पोहोचते. फळाला रंग उशिरा चढतो, साल जाड होते, साठवणक्षमता घटते आणि झाड उशिरापर्यंत पालवी फेकत राहते. ओल, भरपूर नायट्रेट आणि पाण्यातील सेंद्रिय पदार्थ एकत्र आले की मातीतून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायूही अधिक निघतो. यावर उपाय दोन: उत्तरार्धात शक्य तितके गोडे पाणी मिसळावे, आणि वर्षाचे नत्र ठरवताना पाण्यातून येणारे नत्र आधी धरून उरलेलेच खतातून द्यावे.

स्फुरद जमिनीत साचतो आणि वाढत गेला की झाडात जस्ताची कमतरता दिसू लागते. वाहून जाणाऱ्या मातीबरोबर तो तलावात पोहोचला की तिथे शेवाळ माजते, म्हणून उतारावरच्या बागेत ओळींमध्ये गवताचे आच्छादन ठेवावे.

*तपासणी:* खत देण्यापूर्वी त्या महिन्यात पाण्यातून किती नत्र आले, हा आकडा वहीत लिहिलेला हवा.

टप्पा ६: क्षार धुणे, पण नायट्रेट न धुता

वरच्याच ६,००० घनमीटर पाण्याचा ईसी १.२ असेल तर त्यात लिटरमागे सुमारे ७७० मिलिग्रॅम क्षार असतात, म्हणजे वर्षाला हेक्टरी साडेचार टनांहून अधिक. झाड त्यातला फार थोडा भाग उचलते. बाकीचे क्षार मुळांच्या कक्षेखाली ढकलावेच लागतात, आणि त्यासाठी गरजेपेक्षा थोडे जास्त पाणी द्यावे लागते. ते किती, याचे सूत्र असे: पाण्याच्या ईसीला, झाडाला सोसणाऱ्या जमिनीच्या ईसीच्या पाचपटीतून पाण्याचा ईसी वजा करून आलेल्या आकड्याने भागावे. पाण्याचा ईसी १.२ आणि संत्र्याची मर्यादा १.७ धरली तर १.२ भागिले ७.३, म्हणजे सुमारे ०.१६. झाडाची दिवसाची गरज ५ मिलिमीटर असेल तर ५ ला ०.८४ ने भागून सुमारे ६ मिलिमीटर पाणी द्यावे लागते.

आता अडचण येते. जे जादा पाणी क्षार खाली नेते तेच नायट्रेटही खाली नेते, आणि सांडपाण्यात नत्र तर प्रत्येक थेंबाबरोबर येते. प्रत्येक पाळीत थोडे जादा पाणी देण्याची शिफारस गोड्या पाण्याच्या अनुभवातून आलेली आहे. नत्रयुक्त सांडपाण्यासाठी ती तशीच उचलणे मला योग्य वाटत नाही. त्यापेक्षा हंगामात झाडाच्या गरजेइतकेच पाणी द्यावे, मुळांच्या कक्षेतील ईसीवर लक्ष ठेवावे आणि तो मर्यादेच्या जवळ आला की ठरवून, एकदाच, मोठी धुलाई करावी. धुलाईपूर्वी तीन ते चार आठवडे खत बंद ठेवावे, मातीतील नायट्रेट मोजावे आणि ते उतरल्याची खात्री झाल्यावरच पाणी सोडावे. धुलाईसाठी गोडे पाणी किंवा पाऊस मिळत असेल तर सांडपाणी वापरूच नये. जमीन आधी ठिबकने भिजवून वाफशाच्या थोडी वर ठेवली तर त्यानंतरचा साधा पाऊसही क्षार खाली नेतो. कोरड्या जमिनीवर पडलेला तोच पाऊस वरच्या थरातच जिरून जातो. हवा थंड असताना धुलाई केली तर बाष्पीभवन कमी होते आणि पाणी वाचते. बोरॉन मात्र मातीच्या कणांना धरून बसतो आणि क्लोराइड धुण्यास लागते त्याच्या कितीतरी पट पाणी मागतो, म्हणून त्याच्या बाबतीत धुलाईवर विसंबू नये. पाण्यातच तो कमी असला पाहिजे.

ठिबकच्या बागेत क्षार ओल्या गोलाच्या कडेला साचतात. दोन ड्रिपरच्या मध्ये जमिनीवर दिसणारी पांढुरकी कड हीच त्यांची जागा. हंगामातली पहिली हलकी सर आली की अनेकजण पाणी बंद करतात, आणि नेमके त्याच दिवशी ही कड विरघळून मुळांत उतरते. चार-पाच दिवसांनी पाने करपतात आणि दोष पावसाला दिला जातो. हलक्या पावसात ठिबक सुरू ठेवावे, म्हणजे ओल्या गोलातून पाणी बाहेरच्या दिशेने जात राहते. पुरेसा मोठा पाऊस होऊन क्षार खोल गेल्यावरच पाणी थांबवावे.

*तपासणी:* मुळांच्या कक्षेखालच्या पाण्याचा नमुना घेऊन त्यातील क्लोराइड पाहावे. दिलेल्या पाण्यात ५ आणि खाली गेलेल्या पाण्यात ३० मिलिइक्विव्हॅलंट असेल, तर दिलेल्या पाण्यापैकी सुमारे सतरा टक्के खाली गेले.

टप्पा ७: चोपणपणा रोखणे

सोडियमचा परिणाम सांडपाणी सुरू असताना फारसा दिसत नाही, कारण पाण्यातील क्षारच मातीचे कण एकत्र धरून ठेवतात. क्षार नसलेले पावसाचे पाणी पडले की सोडियमने भरलेली चिकणमाती विस्कटते, वर पापडी धरते आणि पाणी साचून राहते. म्हणून जिप्सम (कॅल्शियम पुरवणारे खनिज) पावसाळ्यापूर्वी टाकावे, नंतर नव्हे. जमिनीवरची मात्रा मातीच्या अहवालावरून ठरवावी. पाण्यातून द्यायचे असल्यास दर १,००० घनमीटरला ८६ किलो शुद्ध जिप्सम विरघळवल्यावर कॅल्शियम १ मिलिइक्विव्हॅलंटने वाढते. विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर जमिनीला चोपण म्हणतात खरे, पण भारी जमिनीत पाणी मुरण्याचा वेग त्याच्या बराच आधी मंदावतो. १५ ची वाट पाहू नये.

आणखी एक दोष कमी ओळखीचा आहे. पाण्यातील सेंद्रिय पदार्थ कणांवर बसून वरची माती पाणी नाकारू लागते. कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब ठेवून पाहावा. तो ५ सेकंदांपेक्षा जास्त काळ तसाच टिकला तर दोष सुरू झाला आहे, आणि अशा जमिनीत पाणी ठरावीक वाटांनीच, नायट्रेट घेऊन, खाली निसटते.

टप्पा ८: तोडणी, मजूर आणि जनावरे

ठिबकने पाणी दिल्यास आणि फळाचा पाण्याशी संपर्क येत नसल्यास युरोपीय संघाच्या २०२० च्या नियमावलीत १०० मिलिलिटरमध्ये १,००० ई. कोलायपर्यंतचे पाणी चालते. कृमींची मर्यादा लिटरला एक अंडे अशी जागतिक आरोग्य संघटनेने ठेवली आहे. फळझाडांसाठी तोडणीच्या दोन आठवडे आधी हे पाणी बंद करावे आणि जमिनीवर पडलेले फळ उचलू नये, हा तिचा १९८९ चा दंडक आजही पाळण्याजोगा आहे. भर उन्हात दोन आठवडे झाड तहानलेले ठेवता येत नाही, म्हणून त्या काळापुरते पर्यायी पाणी वर्षाच्या सुरुवातीलाच नक्की करावे.

छाटणीच्या आणि फिल्टर धुण्याच्या कामाला हातमोजे आणि बूट द्यावेत. बागेत जनावरे चरायला सोडू नयेत, छाटलेली पाने त्यांना घालू नयेत. कार्बामाझेपिनसारखी (हे अपस्मारावरचे औषध) प्रक्रियेतून टिकून राहणारी औषधे बाष्पोत्सर्जनाच्या प्रवाहाबरोबर वर जातात आणि फळापेक्षा पानांत अधिक साचतात.

टप्पा ९: देखरेख, आणि पाणी केव्हा बंद करायचे

पाण्याचा ईसी दर आठवड्याला, पूर्ण अहवाल दर तिमाहीला, जमिनीचे तिन्ही थर वर्षातून दोनदा, विहिरींचे नायट्रेट पावसाळ्यापूर्वी व नंतर, आणि जड धातू वर्षातून एकदा तपासावेत. पानांकडेही लक्ष ठेवावे. क्लोराइडचे करपणे टोकापासून, तर सोडियमचे कडांपासून सुरू होते. बदाम, सफरचंद, पीच आणि जर्दाळू यांत बोरॉन झाडात फिरता असल्यामुळे तो पानांत न साचता कोवळ्या फांद्यांत व फळांत जातो. तिथे शेंडे मरणे आणि डिंक येणे ही त्याची खूण आहे, आणि नुसते पान परीक्षण करणारा निर्धास्त राहतो.

पुढीलपैकी काहीही घडल्यास पाणी थांबवून किंवा मिसळून द्यावे: सलग दोन वेळा मधल्या थराचा ईसी झाडाच्या मर्यादेपुढे जाणे, खड्ड्यातील पाणी मुरण्याचा वेळ पहिल्या नोंदीच्या दुप्पट होणे, विहिरीतील नायट्रेट सलग वाढत राहणे, किंवा प्रक्रिया केंद्रात बिघाड झाल्याची सूचना येणे. मिसळण्याचा हिशोब सरळ आहे, १.२ ईसीचे दोन भाग आणि ०.४ ईसीचा एक भाग मिळून सुमारे ०.९३ होतो.

पूर्णपणे गोड्या पाण्यावर जायचे ठरले तर जिप्सम आधी टाकून मगच पाणी बदलावे. सोडियम साचलेल्या भारी जमिनीवर कमी क्षारांचे पाणी एकदम सोडले तर टप्पा ७ मधील पावसाचाच परिणाम होतो, आणि त्या वेळी तो संपूर्ण हंगामभर चालतो.